समलिंगी प्रेमकथा वाचताना जात विसरायची का?

(चंडीगढमधल्या मराठी विद्यार्थी आणि नोकरदारांच्या वाचन बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



समलिंगी प्रेमाच्या कादंबऱ्यांचं परीक्षण कसं लिहावं, हा आजचा विषय. इथे बसलेले आपण बहुतेकजण आपापल्या घरातले पहिले पदवीधर. कुणी पंजाब विद्यापीठात संशोधन करतंय, कुणी पीजीआयमध्ये नोकरीला आहे, कुणी बँकेच्या बदलीनं इथे आलंय. शिष्यवृत्ती रखडते, जात पडताळणीचे कागद गावाकडे अडकतात. अशात या विषयावर संध्याकाळ कशाला घालवायची, असं कुणाच्या मनात आलं असेल तर ते रास्त आहे. चळवळीतल्या एका ज्येष्ठांनी मला हेच विचारलं होतं, "हा आपला प्रश्न आहे का?"

मी बौद्ध आहे आणि मी समलिंगी आहे. त्यामुळे माझ्यापुरतं उत्तर स्पष्ट आहे. पण माझं आयुष्य पुढे करून तुमच्याकडून होकार घ्यायचा नाही. उत्तर आपल्या सगळ्यांच्या मालकीच्या इतिहासात आहे.

र. धों. कर्वे १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढत होते. संततिनियमन आणि लैंगिक आरोग्य हे त्याचे विषय. वाचक आपल्या खासगी अडचणी लिहून पाठवत आणि कर्वे आडपडदा न ठेवता उत्तरं देत. या उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला चालला. कर्व्यांचे वकील होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. तेव्हा बाबासाहेबांकडे कामाची वानवा नव्हती. गोलमेज परिषदा आणि पुणे करार नुकतेच होऊन गेले होते, काळाराम मंदिराचा सत्याग्रह संपलेला नव्हता. तरी त्यांनी हे वकीलपत्र घेतलं. वाचकाला शंका असेल तर तिला विकृती म्हणून दडपायचं की ज्ञानानं उत्तर द्यायचं, असा त्यांचा मुद्दा होता. समलिंगी आकर्षणावरचं हॅवलॉक एलिस यांचं संशोधनही त्यांनी कोर्टापुढे ठेवलं. ते खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. पण हा आपला प्रश्न आहे का, याचं उत्तर त्या वकीलपत्रावरच्या सहीनं तेव्हाच दिलं आहे.

दुसरं कारण त्याहून खोल आहे. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात बाबासाहेबांनी दाखवलं की जातीतल्या जातीत लग्न हाच जातीचा कणा आहे. वीस वर्षांनी, १९३६ मध्ये, त्यांनी इथल्याच जुन्या पंजाबातल्या, लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी भाषण लिहिलं. त्यात जात मोडण्याचा उपाय म्हणून त्यांनी आंतरजातीय लग्नाचं नाव घेतलं आणि हे लग्न रोखणाऱ्या शास्त्रांच्या अधिकाराला हात घातला. म्हणजे कोणी कोणावर प्रेम करायचं, हा आपल्या चळवळीचा अगदी गाभ्यातला प्रश्न आहे. मग प्रेमाची कादंबरी हलकीफुलकी वस्तू राहत नाही. कोणाचं प्रेम शक्य मानलं जातं आणि कोणाचं नाही, याची ती साक्ष असते.

आता कुणी म्हणेल, दोन पुरुषांच्या प्रेमात वंश नाही, कुळ चालवणं नाही, मग जात आपोआप गळून पडत असेल. तर्क म्हणून बरं वाटतं. पण २०१५ साली मुंबईच्या एका वृत्तपत्रात एका आईनं आपल्या समलिंगी मुलासाठी 'वर पाहिजे' अशी जाहिरात दिली. देशभर तिचं कौतुक झालं आणि त्या आईचं धाडस खरंच होतं. त्या जाहिरातीत जातीची अट नाही असं लिहिलं होतं आणि लगेच पुढे कंसात एका ब्राह्मण पोटजातीला प्राधान्य दिलं होतं. कुळ चालवायचं नसलं तरी कंस उरतोच. परीक्षण लिहिणाऱ्यानं हा कंस वाचायला शिकायचं आहे.

आता पुस्तकांकडे येऊ.

सचिन कुंडलकर यांची 'कोबाल्ट ब्लू' २००६ मध्ये मराठीत आली. २०१३ मध्ये जेरी पिंटो यांनी तिचा इंग्रजी अनुवाद केला आणि २०२२ मध्ये नेटफ्लिक्सवर चित्रपट आला. पुण्यातल्या एका पारंपरिक घरात एक पेइंग गेस्ट राहायला येतो. घरातला मुलगा तनय आणि त्याची बहीण अनुजा, दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. आधी तनय बोलतो, मग अनुजा. दोन्ही कथनांत त्या माणसाचं नाव येत नाही.

या निनावीपणाचं काम मोठं आहे. नाव नसल्यामुळे तो दोघांच्या मनात दोन वेगळी माणसं होऊन राहतो आणि दोघांचं दुःख शेजारी शेजारी असून एकमेकांना कळत नाही. हे परीक्षणात मोकळेपणानं लिहा, कारण ते चांगलं जमलेलं आहे. पण आपण इथे सेक्टर पंधरामध्ये पीजीत राहणारी माणसं आहोत. पीजी म्हणजे पेइंग गेस्टच! खोली बघायला गेल्यावर "पूरा नाम?" हा प्रश्न आपल्याला नवा नाही, आणि पुण्यात तो "आडनाव काय तुमचं?" असा येतो. नाव न सांगता कोणाच्या घरात शिरता येतं? ज्याच्या निनावीपणाची कुणाला भीती वाटत नाही, त्याला. हा प्रश्न आपल्यासारख्या वाचकालाच सुचतो, आणि म्हणून आपण परीक्षण लिहायला हवं. त्यानं कादंबरी खोटी ठरत नाही. ती कोणत्या घरात उभी आहे, एवढं दिसतं.

दुसरं पुस्तक आर. राज राव यांचं 'द बॉयफ्रेंड', २००३, इंग्रजीतलं. चाळिशीतला ब्राह्मण पत्रकार यूदी आणि एकोणीस वर्षांचा दलित मुलगा मिलिंद महाडिक यांची मुंबईतली गोष्ट. चर्चगेट स्टेशनातल्या मुतारीतली भेट, बाबरीनंतरच्या दंगली, मिलिंदचं नाहीसं होणं, पुढे त्याचं एका मुलीशी लग्न. जात इथे झाकलेली नाही. लेखकानं ती सरळ प्रेमाच्या मध्यभागी ठेवली, हे श्रेय त्याला द्यायलाच हवं.

पण मिलिंद हे नाव आपल्यासाठी साधं नाही. 'मिलिंद प्रश्न' या ग्रंथातला मिलिंद हा भिक्खू नागसेनाला प्रश्न विचारणारा राजा. बाबासाहेबांनी औरंगाबादला उभारलेल्या कॉलेजचं नाव मिलिंद. आपल्या घरांत हे नाव मुलाला ठेवतात तेव्हा त्यानं प्रश्न विचारावेत अशी इच्छा असते. मग या कादंबरीतल्या मिलिंदला प्रश्न विचारायला किती जागा मिळते? गोष्टीचा मोठा भाग यूदीच्या नजरेतून दिसतो. घर यूदीचं, पुस्तकं यूदीची. समलिंगी माणूसही समाजाबाहेरचाच, म्हणजे आपण दोघं सारखेच, असा एक सूर त्या नात्यात आहे. हे सारखेपण मिलिंदला मान्य आहे का? लेखक यूदीवर हसतोय की त्याच्याशी सहमत आहे? मला वाटतं बऱ्याच ठिकाणी हसतोय. तुम्हाला वेगळं वाटेल. पानं दाखवून वाद घाला, तेच परीक्षणाचं काम आहे.

तिसरं, बिंदुमाधव खिरे यांची 'पार्टनर'. वाचनालयात नुसतं नाव सांगितलं तर वपुंची 'पार्टनर' हातात येईल, म्हणून लेखकाचं नाव सांगा. खिरे यांनी २००२ मध्ये पुण्यात समपथिक ट्रस्ट सुरू केला. हे कार्यकर्त्याचं लेखन आहे, ते वाचकाला समजावतंही. अशा पुस्तकाला 'प्रचारकी' म्हणून बाजूला सारणं सोपं असतं. आपल्या साहित्यालाही हाच शब्द लावला गेला होता. समजावण्यासाठी लिहिलेलं पुस्तक कोणाला आणि किती समजावतं, हीही एक कसोटी आहे.

मग लिहायचं कसं?

पहिलं, 'धाडसी विषय' हा शब्द वापरू नका. १९७८ मध्ये दया पवारांचं 'बलुतं' आलं. त्यानंतर दलित आत्मकथनांना 'दाहक' आणि 'जळजळीत' ही दोन विशेषणं इतकी चिकटली की वाक्यं कशी आहेत, रचना कशी आहे, विनोद कुठे आहे, हे पाहायची गरजच उरली नाही. विषयाला सलाम करून पुस्तक टाळायची ही रीत आपण भोगली आहे. ती दुसऱ्या कुणावर वापरू नये.

दुसरं, व्यवहार बघा. खोली कोणाची, किल्ली कोणाकडे, बिल कोण देतं, भांडण झाल्यावर रात्री बाहेर कोण पडतं. प्रेमकथेत सत्ता इथे दिसते.

तिसरं, भाषा ऐका. प्रेमाचे शब्द कोणाच्या तोंडी प्रमाण मराठीत आहेत आणि कोणाच्या तोंडी फक्त शिव्या आहेत?

चौथं, आणि हे माझ्या मते सगळ्यांत महत्त्वाचं, प्रेम पटलं का ते सांगा. जातीचा प्रश्न विचारला की परीक्षण पूर्ण झालं असं नाही. ती दोघं एकमेकांची वाट बघतात तेव्हा तुम्हीही बघितली का? कुठे कंटाळलात? कुठे पुस्तक मिटून बसलात? आपल्या माणसांना राग लिहिता येतो हे जगानं मान्य केलंय. आपल्याला हुरहूरही लिहिता येते, हे अजून पुरेसं लिहून झालेलं नाही.

पाचवं, पुस्तकावरून लेखकाच्या खासगी आयुष्याचा अंदाज बांधू नका. आणि परीक्षण स्वतःच्या नावानं लिहायचं की टोपणनावानं, हे तुम्ही ठरवा. गावाकडे बहिणीचं लग्न ठरत असेल, हॉस्टेलची खोली तिघांत असेल, तर टोपणनाव घेण्यात भित्रेपणा नाही. ६ सप्टेंबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं संमतीच्या संबंधांवरचा गुन्ह्याचा शिक्का पुसला. १७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच न्यायालयानं लग्नाचा हक्क द्यायला नकार दिला. घरमालक आणि भाऊबंद यांचा निकाल तर अजून लागायचाच आहे. जोखीम ज्याची, निर्णय त्याचा.

शेवटी संपादकांविषयी. एका नियतकालिकानं माझ्या परीक्षणातला जातीचा परिच्छेद काढून ते छापतो असं कळवलं. कारण दिलं, "प्रेमाला जात नसते." मी परीक्षण परत मागवलं. लाहोरच्या मंडळाला भाषणातला काही भाग खटकला तेव्हा बाबासाहेबांनी स्वल्पविरामही बदलायला नकार दिला आणि भाषण स्वखर्चानं छापलं. तिथे व्याख्यान झालं नाही, पण पुस्तक झालं. इथून जवळच्या रोपड जिल्ह्यातला एक तरुण नोकरीनिमित्त पुण्यात असताना त्याच्या हाती हे पुस्तक पडलं. पुढे त्या तरुणाला देशानं कांशीराम म्हणून ओळखलं. लिहिलेलं कोणाच्या हाती पडेल हे लिहिताना कळत नसतं.

आपल्यातल्या अनेकांना इंग्रजी कादंबरी विकत घेणं आणि वाचणं दोन्ही जड जातं. वस्तीतल्या, तालुक्याच्या कॉलेजातल्या एखाद्या मुलाला अशी पुस्तकं आहेत हे कदाचित तुमच्या मराठी परीक्षणातूनच पहिल्यांदा कळेल. ते परीक्षण त्याला दुसऱ्या कुणाच्या घरात चोरून डोकावल्यासारखं वाटू नये. त्यात त्याच्या आडनावालाही जागा असावी. पुढच्या बैठकीला प्रत्येकानं एका पुस्तकावर दोन पानं लिहून आणावीत. वाचून दाखवायची सक्ती नाही, लिहायची आहे.

जय भीम.