धूर बाहेर जावा, माणूस आत राहावा

(पहिल्या पिढीतील पदवीधरांच्या प्रशिक्षण शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



तुमच्यातले काही जण समाजकार्य शिकले आहेत, काही गृहपालाच्या परीक्षेची तयारी करत आहेत, काही जण निवारागृहांत आणि आरोग्य संस्थांत कामाला लागले आहेत. उद्या तुमच्यापुढे एक कागद येईल. ‘इमारतीत धूम्रपानास सक्त मनाई. नियम मोडणाऱ्यास काढून टाकण्यात येईल.’ खाली सही तुमची लागेल. त्या सहीबद्दल मला बोलायचे आहे.

पहिले वाक्य बरोबर आहे, हे आधी सांगतो. अमेरिकेच्या सर्जन जनरलचा २००६ चा अहवाल स्पष्ट आहे: दुसऱ्याने सोडलेल्या धुराची कुठलीही सुरक्षित पातळी नसते. वेगळी खोली, पंखा, खिडकी यांनी तो पूर्ण थांबत नाही. भिंतीतल्या फटींतून, नळाच्या पाइपांभोवतीच्या जागेतून तो शेजारच्या खोलीत जातो. तिथे दम्याचा माणूस असतो, लहान मूल असते. पैसेवाला घर बदलतो. आपला माणूस जिथे जागा मिळाली तिथेच राहतो. म्हणून ‘गरिबाला एवढे तरी सुख असू द्या’ हे म्हणणे मला पटत नाही. शेजारी खोकत बसतो, तोही गरीबच असतो.

अडचण दुसऱ्या वाक्यात आहे. ती समजून घ्यायला अमेरिकेचे उदाहरण घेऊ.

तिथल्या गृहनिर्माण खात्याने डिसेंबर २०१६ मध्ये नियम केला आणि जुलै २०१८ अखेरपर्यंत तो लागू करायला सांगितला. सरकारी सार्वजनिक घरांत, म्हणजे नऊ लाखांहून अधिक घरांत, आत धूम्रपान बंद. इमारतीपासून २५ फुटांच्या आतही बंद. सिगारेट, सिगार, हुक्का सगळे त्यात आले.

त्याच देशात आणखी एक प्रकारची घरे आहेत. वर्षानुवर्षे रस्त्यावर राहिलेल्या, मानसिक आजार किंवा व्यसन असलेल्या माणसांना आधी घर द्यायचे आणि सोबत उपचार, समुपदेशन, सोबती द्यायचा. १९९२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये या पद्धतीला आकार आला. तिचे तत्त्व साधे: आधी घर, त्यासाठी सुधारण्याची अट नाही. आता बघा पेच. बेघर प्रौढांत धूम्रपान करणारे सुमारे ७० ते ८० टक्के असल्याचे अभ्यास सांगतात. अशा इमारतीत ‘ओढलीस तर बाहेर’ म्हटले, तर ज्यांच्यासाठी घर बांधले तेच पुन्हा फुटपाथवर जातात. आणि ते कोण असतात? अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय साधारण १३ टक्के, बेघरांत मात्र सुमारे एक तृतीयांश.

या लोकांना सवय लागली कशी, हेही बघा. तंबाखू कंपन्यांनी कृष्णवर्णीय वस्त्यांत मेंथॉल सिगारेटची मुद्दाम जाहिरात केली. बेघरांच्या निवाऱ्यांत फुकट सिगारेटी वाटल्या गेल्या. मनोरुग्णालयांत चांगल्या वागणुकीचे बक्षीस म्हणून सिगारेट दिली जाई. आधी हातात सिगारेट द्यायची, मग त्याच हाताला नोटीस द्यायची, हा न्याय नव्हे.

मग नियम राबवायचा कसा? अनुभवातून पुढे आलेल्या गोष्टी अशा आहेत.

पहिली, राहणाऱ्यांना आधी विचारा. त्यांची बैठक घ्या, तारीख त्यांच्यासोबत ठरवा आणि मध्ये काही महिने जाऊ द्या.

दुसरी, बाहेर जागा द्या. छप्पर असलेली, उजेड असलेली, रात्री बाईलाही सुरक्षित वाटेल अशी. चाकाच्या खुर्चीवरचा माणूस तिथे पोहोचला पाहिजे. जागा न देता केलेला नियम लोकांना संडासात लपून ओढायला लावतो, आणि त्यातून आगी लागतात.

तिसरी, सोडण्याची मदत त्याच इमारतीत आणा. निकोटिनची पट्टी, च्युइंगम, समुपदेशक. सोडल्यावरची तडफड पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असते आणि साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरते. त्या काळात नोटीस देऊ नका, सोबत द्या. मानसिक आजाराच्या माणसाची सिगारेट काढली तर तो बिघडतो, असा समज आहे. अभ्यास उलट सांगतात, सोडल्यावर चिंता आणि नैराश्य कमी होते. फक्त एक काळजी घ्या. धुरामुळे क्लोझापिन, ओलान्झापिन ही औषधे शरीरात लवकर संपतात. सिगारेट बंद झाली की रक्तातले प्रमाण वाढते, म्हणून डॉक्टरांना आधी कळवून डोस तपासून घ्यावा लागतो.

चौथी, पायऱ्या ठेवा. बोलणे, लेखी सूचना, पुन्हा बोलणे, मदत. एकदा सापडला म्हणून घर जाता कामा नये.

आता आपल्याकडे. २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा आहे. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक जागी धूम्रपानाला मनाईचे सुधारित नियम आहेत. दंड २०० रुपयांपर्यंत. म्हणजे कायद्याने या चुकीची किंमत २०० रुपये ठरवली आहे. वसतिगृहाच्या नियमावलीत तीच किंमत पोराचे शिक्षण झाली, तर तो अन्याय आहे. राजर्षी शाहूंनी १९०८ मध्ये कोल्हापुरात अस्पृश्य मुलांसाठी वसतिगृह काढले, कारण शहरात त्यांना कोणी खोली देत नव्हते. आजही अनेकांसाठी वसतिगृह सुटले की कॉलेज सुटते.

२०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत २८.६ टक्के प्रौढ तंबाखू घेत होते. धूम्रपान करणारे १०.७ टक्के, धूर नसलेला तंबाखू घेणारे २१.४ टक्के. आपल्याकडे सिगारेटपेक्षा विडी जास्त आणि विडीपेक्षा खैनी, खर्रा, मावा जास्त. नुसता ‘धूम्रपान निषिद्ध’ फलक लावला तर खर्रा खाणारा पोरगा तसाच राहील. समुपदेशनात तोही हवा.

आणि भाषा सांभाळा. ‘यांना शिस्तच नाही’, ‘यांच्या घरचे संस्कार’ हे शब्द तुम्ही लहानपणी ऐकले आहेत. विडी वळणारे हातही आपल्याच लोकांचे. कामठीच्या बाबू हरदास एल. एन. यांनी १९३० च्या दशकात विडी कामगारांना संघटित केले. ‘जय भीम’ हे अभिवादन रुजवण्याचे श्रेयही त्यांनाच दिले जाते. तंबाखूचा प्रश्न आपल्याकडे मजुरीचा आणि आरोग्याचा आहे. त्याला जातीचा स्वभाव म्हणू देऊ नका. तुमच्या तोंडून तर मुळीच नाही.

तेव्हा तो कागद आला की पहिले वाक्य ठेवा. दुसरे खोडा आणि तिथे लिहा: ‘सोडू इच्छिणाऱ्यास येथे मदत मिळेल.’ खाली राष्ट्रीय मोफत क्रमांक लिहा, १८००-११-२३५६. मग सही करा.

जय भीम.