सेरेंगेटीला जाण्यापूर्वी

(सेवानिवृत्त शासकीय कर्मचाऱ्यांच्या एका पर्यटन मंडळापुढे दिलेले भाषण)



आपल्या मंडळाने पूर्व आफ्रिकेच्या प्रवासाचा बेत आखला आहे आणि त्यासंबंधी चार शब्द सांगण्यासाठी मला पाचारण केले, याबद्दल मी आभारी आहे. निवृत्तीच्या रकमेतून, बहुधा आयुष्यात एकदाच करावयाचा असा हा प्रवास आहे. तेव्हा तेथील प्राण्यांची नामावली वाचून दाखवून मी आपली रजा घेणे उचित होणार नाही. केव्हा जावे, किती दिवस राहावे आणि कशाचा हव्यास धरू नये, हे घरीच ठरले नाही तर काही लाख रुपये खर्चून धूळ तेवढी पाहून परतण्याची पाळी येते.

'सफारी' हा स्वाहिली शब्द. त्याचा अर्थ केवळ 'प्रवास'. आपला 'सफर' आणि हा शब्द एकाच अरबी मुळापासून निघाले आहेत. टांझानियात उतरल्यावर गाडीला 'गारी', दुकानाला 'दुका', पैशाला 'पेसा' आणि विम्याला 'बीमा' म्हणतात हे ऐकून आपल्याला गंमत वाटेल. व्यापारी, खलाशी आणि मजूर यांच्याबरोबर हे शब्द समुद्र ओलांडून गेले. 1896 ते 1901 या काळात मोंबासापासून व्हिक्टोरिया सरोवरापर्यंत जो लोहमार्ग टाकला गेला, त्यासाठी हिंदुस्थानातून तीस हजारांवर मजूर नेण्यात आले होते. स्वातंत्र्यानंतर पूर्व आफ्रिकेत भारताचे पहिले आयुक्त म्हणून गेले ते औंधचे अप्पासाहेब पंत. म्हणजे हा मुलूख आपल्याला वाटतो तितका परका नाही.

आता मुख्य विषयाकडे वळू. सेरेंगेटी राष्ट्रीय उद्यान 1951 साली स्थापन झाले. क्षेत्रफळ 14,763 चौरस किलोमीटर. मासाई भाषेत या नावाचा आशय 'अंत न लागणारे मैदान' असा सांगतात. सुमारे 13 लक्ष वाइल्डबीस्ट, दोन लक्षांच्या आसपास झेब्रे आणि कित्येक लक्ष गझेल हरणे या प्रदेशात वर्षभर चक्राकार फिरत असतात. हे भटकणे दैववशात होत नाही. दक्षिणेकडील मैदानांवर जवळच्या ज्वालामुखींची राख युगानुयुगे पडत आली आहे. त्या राखेमुळे तेथील गवत आखूड परंतु कॅल्शियम व फॉस्फरसने समृद्ध असते. दुभत्या माद्यांना नेमके तेच हवे असते. मात्र तेथे कोरड्या दिवसांत पाणी टिकत नाही. म्हणून पावसाबरोबर कळप दक्षिणेस येतात आणि मैदान वाळले की पश्चिमेकडून वळसा घालून उत्तरेस, केनियाच्या सीमेवरील मारा नदीकडे सरकतात. चरण्यातही एक क्रम आहे. झेब्रा उंच व राठ गवत खातो, त्यामागून येणारा वाइल्डबीस्ट खालची पाने खातो आणि उरलेले कोवळे अंकुर गझेलच्या वाट्याला येतात. आपल्याकडील एकत्र कुटुंबाच्या पंगतीत इतकी शिस्त क्वचितच पाहायला मिळते.

यास्तव 'कोणते उद्यान' हा प्रश्न दुसरा आणि 'कोणता महिना' हा पहिला. आपल्याकडे प्रवास म्हटला की मे महिना, ही शाळेच्या सुटीने लावलेली सवय आहे. सेरेंगेटीत मार्च ते मे हा दीर्घ पावसाचा काळ. काही भागांतील काळी माती आपल्या विदर्भातल्या जमिनीसारखी चिकट होते, गाड्या रुततात, काही तंबू-निवासही बंद असतात. दर उतरतात हे खरे, पण ते का उतरतात हेही लक्षात घ्यावे.

उरले दोन पर्याय. जुलै ते सप्टेंबर या काळात उत्तरेस मारा नदी ओलांडणारे कळप आणि पाण्यात टपलेल्या मगरी, हे चित्रपटांनी प्रसिद्ध केलेले दृश्य. त्याची हमी कोणीही देऊ शकत नाही. कळप काठावर येतो, तासन् तास उभा राहतो आणि कधी कधी आल्या वाटेने परत फिरतो. दर या दिवसांत सर्वाधिक, आणि काठावर गाड्यांची दाटी एवढी की जनावरांना उतरण्याची वाट अडते. दुसरा पर्याय फेब्रुवारीचा. तेव्हा कळप दक्षिणेस न्दुतूच्या परिसरात असतात आणि बहुसंख्य माद्या दोन-तीन आठवड्यांच्या आत वितात. वासरू जन्मल्यापासून काही मिनिटांतच पायांवर उभे राहते, कारण सिंह, चित्ते आणि तरस जवळच असतात. एकाच वेळी एवढी वासरे जन्मल्याने भक्षकांची पोटे भरूनही बहुतेक वाचतात. गवत आखूड असल्याने हे सारे उघड्यावर दिसते. आपले वय, आपला खर्च आणि आपला धीर लक्षात घेता माझे मत स्पष्टपणे फेब्रुवारीच्या बाजूने आहे. नातवंडांच्या शाळा आता त्यांच्या आईवडिलांनी सांभाळाव्यात.

दिवसांच्या बाबतीत काटकसर करू नये. अरुशा शहरापासून उद्यानाच्या मध्यभागी असलेल्या सेरोनेरापर्यंत सुमारे सव्वातीनशे किलोमीटर अंतर आहे आणि खडबडीत वाटेने जवळजवळ सारा दिवस मोडतो. तेव्हा सेरेंगेटीत सलग चार रात्री आणि वाटेवरच्या न्गोरोन्गोरो येथे एक, याहून कमी असू नये. पाच दिवसांत पाच उद्याने दाखवणारा कार्यक्रम कोणी पुढे केला तर तो नम्रपणे परत करावा; त्यात कंबर दुखण्यापलीकडे काही साधत नाही. छोट्या विमानाने जाण्याचीही सोय आहे, परंतु तेथे सामानाची मर्यादा साधारणतः 15 किलो असते आणि पिशवी मऊ लागते. आपल्या कडक सुटकेसला तेथे प्रवेश नाही.

ताडोबाला जाऊन आलेल्यांना आणखी एक सांगावेसे वाटते. तेथे सारी जिप्सी एका वाघासाठी धावते. आफ्रिकेत वाघ नाही; तेथे सिंहासाठी तसे धावले की बाकीचे सारे निसटते. वाटाड्याला 'पोले पोले', म्हणजे हळूहळू, एवढे दोन शब्द सांगता आले तरी पुष्कळ. आखलेला रस्ता सोडून गाडी नेण्याचा आग्रह मात्र धरू नये. उद्यानात त्यास बंदी आहे आणि दंड बहुधा चालकाला भोगावा लागतो.

न्गोरोन्गोरो हे ज्वालामुखीच्या मुखाचे प्रचंड कुंड. आतील क्षेत्र सुमारे 260 चौरस किलोमीटर. येथे काळा गेंडा दिसण्याची शक्यता आहे. जिराफ मात्र या कुंडात राहत नाहीत. कडा समुद्रसपाटीपासून दोन हजार मीटरहून उंच असल्याने पहाटे महाबळेश्वरच्या डिसेंबरसारखी थंडी असते.

येथेच एका प्रश्नाकडे आपले लक्ष वेधतो. सेरेंगेटी हे पूर्वी मासाई गुराख्यांचे चराईचे रान होते. 1958 च्या कराराने त्यांनी ते सोडले आणि 1959 मध्ये न्गोरोन्गोरो वेगळे करून तेथे गुरांसह राहण्याची मुभा त्यांना देण्यात आली. 2022 पासून तेथील कुटुंबांना हंदेनी जिल्ह्यातील म्सोमेरा येथे हलवण्यास प्रारंभ झाला. शासन म्हणते, लोक स्वखुशीने जात आहेत. मासाई संघटना म्हणतात, सोयी बंद करून जाण्यास भाग पाडले जाते. 'पुनर्वसन' हा शब्द आपल्यापैकी कित्येकांनी फायलींवर लिहिला आहे. कोयनेच्या वा ताडोबाच्या गावकऱ्यांसमोर उभे राहून तो उच्चारण्याची वेळ ज्यांच्यावर आली असेल, त्यांना या वादाच्या दोन्ही बाजू कळतील. आपण ज्या मोकळ्या मैदानाचे छायाचित्र घेऊ, ते पूर्वीपासून निर्मनुष्य नव्हते, एवढे ध्यानात असावे. मासाई माणसाचे छायाचित्र विचारल्याविना घेऊ नये.

गुरे आणि वन्यप्राणी यांचे वैरच असते असेही नव्हे. 1890 च्या दशकात बुळकांडी रोगाने गुरे आणि वाइल्डबीस्ट दोन्ही मारले. पुढे आसपासच्या गुरांना लस टोचल्यावर रानातला रोगही हटला आणि 1961 मध्ये अडीच लक्षांच्या सुमारास असलेले वाइल्डबीस्ट 1977 पर्यंत तेरा लक्षांवर गेले. पशुसंवर्धन खात्यातील मंडळी येथे बसली आहेत. त्यांनी याचा अभिमान बाळगण्यास हरकत नाही.

आता लसीचेच पाहू, कारण अनेकांची गाडी येथेच अडते. बहुतेक जण नैरोबीमार्गे जातात व परततात. केनिया हा आपल्या शासनाच्या पीतज्वराच्या यादीतील देश आहे. दाखल्याविना तेथून परतणाऱ्यास विमानतळावरून थेट सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवता येते. केनियातून येणाऱ्याकडे टांझानियाचे अधिकारीही दाखला मागू शकतात. ही लस केवळ मान्यताप्राप्त केंद्रांतच मिळते आणि टोचल्यावर दहा दिवसांनी दाखला ग्राह्य होतो. पुढे तो आजन्म चालतो. परंतु साठी ओलांडलेल्यांना ही लस प्रथमच घेताना दुष्परिणामाचा धोका तरुणांपेक्षा अधिक असतो, आणि अंड्याची तीव्र ॲलर्जी असणाऱ्यांनी ती घेऊ नये. म्हणून आगाऊ रक्कम भरण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना भेटावे, भरल्यानंतर नव्हे. हिवतापाच्या गोळ्यांविषयीही त्याच भेटीत विचारून घ्यावे.

किरकोळ सूचना उरल्या. निळे व काळे कपडे नेऊ नयेत. त्से-त्से माशी त्या रंगांकडे धावते. प्लास्टिकच्या पिशव्यांना केनियात 2017 पासून आणि टांझानियात 2019 पासून बंदी आहे, तेव्हा चिवडा-लाडू कापडी पिशवीत किंवा डब्यात न्यावेत. डॉलरच्या फार जुन्या छपाईच्या नोटा तेथे घेत नाहीत. उद्यानाचे शुल्क चोवीस तासांच्या हिशेबाने आकारले जाते. म्हणून दुपारी प्रवेश केलात तर निघण्याच्या दिवशी सकाळची फेरी त्याच शुल्कात होते. कार्यक्रम आखणाऱ्याकडून प्रवेशाची वेळ लेखी घ्यावी. एका गाडीत सहा जण बसवणार असतील तर प्रत्येकास खिडकी मिळेल काय, हेही विचारावे.

नोंदणीचे अर्ज चिटणीसांकडे ठेवले आहेत. फेब्रुवारीच्या जागा आधीच्या पावसाळ्यातच भरू लागतात. प्रश्न असतील तर आता विचारावेत.