लाकूड वाया घालवायचा हक्क

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मला विषय दिलाय तो ‘स्त्रिया आणि पूरक उत्पन्न’. मी त्यातल्या ‘पूरक’ या शब्दावरच अडून बसणार आहे, आणि तेही लाकडाच्या निमित्ताने.

सावंतवाडीची लाकडी खेळणी तुम्हाला माहीत आहेत. लाकडी फळं, भातुकली, पोळपाट-लाटणं. चितारआळीतल्या दुकानांत ती मांडलेली दिसतात. त्यामागची श्रमविभागणी मात्र दिसत नाही. मी पाहिलेल्या बहुतेक घरांत लेथवर पुरुष बसतो. घासणं, अस्तर देणं, रंगवणं बायकांकडे. कारागीर कोण असं विचारलं तर ती बाईच नवऱ्याकडे बोट दाखवते. मराठीत ‘कातणं’ हे क्रियापद सुतालाही आहे आणि लाकडालाही. सूत कातायला बाई चालते, लाकूड कातायला नको! लेथला मोटर लागल्यापासून ताकदीचं कारणही उरलेलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आम्ही अकराजणी एकत्र आलो. चौघी कारागीर घरांतल्या, काहीजणी शिवणकाम करणाऱ्या, एक अंगणवाडीसेविका, एक निवृत्त शिक्षिका आणि मी. भाड्याची पडवी आणि एक जुना लेथ. गटातल्या एकीचे सासरे शिकवायला तयार झाले. शेजारून पहिल्याच दिवशी ऐकू आलं, “ह्या बायकांचा काम न्हय.”

पहिला वाद झाला तो मंगळसूत्रावरून. फिरत्या लाकडाजवळ लोंबतं काही चालत नाही. पदर, वेणी, बांगड्या, गळ्यातलं, काहीच नाही. हातमोजेसुद्धा नाहीत, ते अडकले तर हातच आत ओढला जातो. एकीच्या सासूबाईंनी सांगितलं, नवरा असताना गळा मोकळा ठेवायचा नाही. आमच्यातली एक विधवा मैत्रीण म्हणाली, “म्हणजे लेथ मी एकटीनेच चालवायचा तर!” आम्ही कुणाला व्याख्यान दिलं नाही. दाराशी एक डबा ठेवला. येताना काढायचं, जाताना घालायचं. हल्ली दोघीजणी जाताना घालायचं विसरतात.

पहिले तीन महिने विकण्यासाठी काही करायचं नाही, असं आम्ही ठरवलं. मदत देऊ पाहणाऱ्या एका संस्थेने लगेच विचारलं, उत्पादन काय, बाजारपेठ कुठे? असे प्रश्न आपणही विचारतो. गरीब बाईला आपण पापड, लोणची, शिवणयंत्र देतो, म्हणजे पहिल्या दिवसापासून न चुकता करायचं काम. कलाशाळेतल्या मुलाने दहा ठोकळे फोडले तर तो प्रयोग. हिने एक फोडला की नुकसान. म्हणून आमच्या गटात दर महिन्याच्या लाकडातला चौथा हिस्सा वाया घालवायला असतो. हिशेबाच्या वहीत त्या खात्याचं नावच ‘वाया’.

त्या खात्यातून काय निघालं ते सांगते. ओल्या आंब्याची पहिली वाटी वाळल्यावर लंबगोल झाली. शिकवणारे आजोबा म्हणाले, टाका ती, लाकूड आधी वाळवायचं असतं. त्यांचं बरोबरच होतं. लाकूड वाळताना तंतूंच्या आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ नाही, त्यामुळे वाटी गोल राहत नाही. पण शिवणकाम करणारी म्हणाली, “कापडसुद्धा उभं-आडवं वेगळं ताणतं, तसंच हे!” मग ती मुद्दाम ओलं लाकूड, कड पातळ ठेवून, कातायला लागली. वाटी कुठल्या बाजूला वाकेल ते आधी वहीत काढून ठेवायची. पाचव्या वाटीला तिचा अंदाज बरोबर ठरला. ते बघायला आजोबांनी चष्मा मागवून घेतला.

दुसरीने लाटण्याचं केंद्र मुद्दाम बाजूला सरकवलं, लेथचा वेग कमी ठेवला, आणि वाकडंतिकडं लाटणं काढलं. म्हणाली, “हे लाटत नाही. रविवारी मीपण लाटत नाही.” १९७०च्या दशकात महागाईविरोधात मृणाल गोरे, अहिल्याताई रांगणेकर यांच्यासोबत बायका लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या, ते तुम्हाला ठाऊक आहे. ती लाटणी कातली कुणी, हे आपण कधी विचारलं नाही.

आता अडचणीचं. आमच्यात एकीची अर्धवट वस्तू दुसरी पुढे नेते, तिसरी रंगवते. विक्री सुरू झाल्यावर लेथ शिकलेल्या दोघींनी रंगवणारीपेक्षा जास्त दर मागितला. घरात नवऱ्याने जे केलं तेच इथे लेथवर बसलेल्या बाईने केलं! दोन बैठका भांडलो. शेवटी तासाला एकच दर आणि बुडाशी सगळ्यांची नावं, असं ठरलं. एकजण गट सोडून गेली. ती उत्तम कातायची. तिची उणीव रोज जाणवते.

दुसरी अडचण सरकारी कागदाची. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पंतप्रधान विश्वकर्मा योजनेत सुतार आणि खेळणी बनवणारे धरून १८ व्यवसाय आहेत. प्रशिक्षणात रोज ५०० रुपये, अवजारांसाठी १५ हजारांपर्यंत मदत, कमी व्याजाचं कर्ज. पण लाभ कुटुंबातल्या एकालाच, आणि कुटुंब म्हणजे नवरा, बायको, अविवाहित मुलं. आमच्या तिघींच्या नवऱ्यांची नोंद आधीच झालेली. म्हणजे त्या तिघी पुन्हा ‘पूरक’. ही अट काढावी म्हणून आम्ही निवेदनाचा मसुदा केलाय. तो त्या टेबलावर आहे, वाट्यांच्या शेजारी. तुमच्याकडे कुंभार, शिंपी, टोपल्या विणणाऱ्यांच्या घरांत नोंद कुणाच्या नावावर झाली, ते चहाच्या सुट्टीत मला सांगा, मसुद्यात घालायचंय.