मांडव्य ऋषींचा शाप



महाभारताच्या आदिपर्वात मांडव्य ऋषींची कथा आहे. निरपराध असूनही त्यांना सुळावर चढविले गेले. कारण विचारता यमधर्म म्हणाला, बालपणी तुम्ही पतंगांना गवताची काडी टोचली होती, त्याचे हे फळ. ऋषी संतापले. चौदा वर्षांपर्यंतच्या मुलाचे कृत्य पाप गणले जाणार नाही, अशी मर्यादा त्यांनी घातली आणि धर्मालाच मनुष्यजन्माचा शाप दिला. तो विदुर म्हणून जन्मला.

मला ही कथा उशिरा आठवली. पाच वर्षांच्या नातवाने चतुराच्या शेपटीला दोरा बांधलेला पाहून मी त्याच्या थोबाडीत मारली. (लहानपणी आम्हीही हेच केले होते, हे सोयीस्करपणे विसरून!) परिणाम एवढाच, की तो हे गच्चीवर लपून करू लागला. दुर्बलाला दुखवावे, हे मीच तर दाखविले होते!

सूनबाईने त्याचा हात धरून मांजरीच्या पाठीवरून अलगद फिरविला, तिच्या पाण्याची वाटी भरण्याचे काम त्याच्याकडे दिले. या वयात दुसऱ्याची वेदना शिकवावी लागते. मात्र समज आलेले मूल पुनःपुन्हा, आनंदाने प्राण्याला छळत असेल, तर त्यालाच कोणी छळत नाही ना, हे आधी पाहावे. बालमानसतज्ज्ञाकडे जाण्यात संकोच नसावा.

परवा वाटी रिकामी दिसली, तेव्हा तो मलाच रागे भरला.