न पाहिलेल्या मालाची खरेदी

(बीड जिल्ह्यातील कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेल्या भाषणाचा मजकूर)



ऊसतोडीची मजुरी, पीकविमा, पाणी ह्या विषयांच्या पंक्तीत 'इंटरनेटवरून ध्वनिक्षेपक विकत घेताना होणारी फसवणूक' हा विषय पाहून काहींना नवल वाटले असेल. ध्वनिक्षेपक ही चैनीची वस्तू. ज्याला परवडते त्याने ती घ्यावी आणि फसला तर सोसावे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु बीड जिल्ह्यात ही वस्तू कोण विकत घेतो आणि कोणत्या पैशातून घेतो, हे एकदा पाहिले म्हणजे ही समजूत टिकत नाही.

येथे तिचे मुख्य ग्राहक दोन. एक, गावचे भजनी मंडळ किंवा सप्ताह समिती. घरटी वर्गणी गोळा करून माईक, अँप्लिफायर आणि दोन खोके घ्यायचे, म्हणजे दर सप्ताहाला भाड्याचे पैसे द्यावे लागत नाहीत, असा त्यांचा हिशेब असतो. दुसरा ग्राहक अधिक विचार करण्यासारखा आहे. पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर ह्या तालुक्यांतील ऊसतोड कामगाराचा मुलगा डोळ्यांपुढे आणावा. आईबाप मुकादमाची उचल घेऊन पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात कारखान्यावर जातात. मुलगा बारावी किंवा आय.टी.आय. झालेला आहे आणि हातात कोयता धरायचा नाही, एवढे त्याने मनाशी ठरवले आहे. नोकरी नाही, जमीन आहे ती कोरडवाहू. हळदी, वराती, जयंत्या आणि सभा ह्यांसाठी साउंड सेट भाड्याने देणे हा त्याला दिसणारा थोड्या भांडवलाचा धंदा होय. भांडवल येते कोठून? आईबापांच्या उचलीतून.

ह्या भांडवलाचे मोजमाप रुपयांत न करता टनांत करून पाहावे. जानेवारी २०२४ च्या करारात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढ झाली आणि तो टनाला सुमारे ३६६ रुपयांवर आला. चाळीस हजारांचा साउंड सेट म्हणजे जवळजवळ ११० टन ऊस. नवरा-बायकोच्या एका कोयत्याने दिवसाला दोन टन तोडले असे धरले, तर पंचावन्न दिवसांची तोडणी झाली. त्यात पोटाचा खर्च धरलेलाच नाही. पहाटेच्या थंडीत फडात उतरणाऱ्या दोन माणसांचे जवळपास दोन महिने त्या खोक्यात असतात. म्हणून तो खोका पोकळ निघाला, तर त्याला 'पोराची हौस नडली' असे म्हणून सोडून देता येत नाही.

पूर्वी हा माल बीड, अंबाजोगाई किंवा परळीच्या दुकानात बसून घेतला जाई. गिऱ्हाईक अँप्लिफायर, म्हणजे साउंडवाल्यांच्या भाषेत 'मशीन', दोन्ही हातांनी उचलून पाही. आत तांब्याच्या वेटोळ्यांचा ट्रान्सफॉर्मर असेल, तर मशीन जड लागते. ही परीक्षा अशिक्षितालाही येत असे. मग युनिट उलटे करून पाठीमागचे लोहचुंबक पाहायचे, आवाज पूर्ण चढवून दहा मिनिटे वाजवून घ्यायचे, आणि एवढे करूनही काही बिघडले, तर दुसऱ्या दिवशी एस.टी.ने येऊन दुकानासमोर उभे राहायचे. हा दुकानदार काही संत नव्हता. पक्के बिल तो क्वचितच देई आणि उधारीचे व्याज किमतीतच धरी. शिवाय गिऱ्हाईक कोणत्या जातीचा व कोणाचा माणूस ह्यावर त्याचा दर ठरत असे. ती व्यवस्था परत यावी असे कोणी म्हणणार नाही, आणि भ्रमणध्वनीवर सर्वांना एकच दर दिसतो, ही साधी गोष्ट नव्हे. मात्र दुकानदार होता तो डोळ्यांसमोर होता आणि माल हाताखाली होता. आता समोर असते ते छायाचित्र, आणि छायाचित्राला वजन नसते.

वजनाची जागा आकड्याने घेतली आहे. '३००० वॉट', '५००० वॉट' असे ठळक अक्षरांत छापलेले असते आणि त्याखाली बारीक अक्षरांत 'पी.एम.पी.ओ.' ही चार अक्षरे असतात, किंवा तीही नसतात. ह्या आकड्याचे स्वरूप समजून घेण्यास माजलगावच्या धरणाकडे पाहावे. धरणाचे सर्व दरवाजे क्षणभर उघडले, तर जो लोंढा येईल, तो कालव्यातून रोज सुटणाऱ्या पाण्याच्या कितीतरी पट असेल. त्या लोंढ्याचा आकडा दाखवून 'कालव्याला एवढे पाणी आहे' असे कोणी शेतकऱ्याला सांगितले, तर शेतकरी त्याला गावात राहू देणार नाही. पी.एम.पी.ओ. हा त्या क्षणिक लोंढ्याचा आकडा आहे. तो मोजण्याची सर्वमान्य पद्धत नाही; विक्रेता सांगेल तो खरा. सतत मिळणारी शक्ती 'आर.एम.एस.' ह्या नावाने सांगतात, आणि पाहायची ती हीच.

ही फसवणूक पकडण्यास अभियंता असण्याची गरज नाही. सातवीचा गुणाकार पुरे. विद्युतदाब आणि विद्युतप्रवाह ह्यांचा गुणाकार म्हणजे वॉट. ज्या खोक्याबरोबर १२ व्होल्ट, २ अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर येतो, तो तारेतून फक्त २४ वॉट शक्ती घेतो. आत २४ वॉट घेणारे यंत्र बाहेर सतत ३००० वॉट देऊ शकत नाही; तसे झाले असते, तर परळीचे औष्णिक केंद्र बंद करून तेथे ध्वनिक्षेपक रचून ठेवले असते! थेट विजेवर चालणाऱ्या मशीनच्या पाठीमागेही 'इनपुट' शक्तीचा आकडा छापलेला असतो. बाहेर पडणारी सततची शक्ती त्याहून कमीच असणार. विकत घेण्यापूर्वी पाठीमागच्या पट्टीचे छायाचित्र मागावे, आणि ते देण्यास जो टाळाटाळ करतो, त्याचे उत्तर मिळाले असे समजावे.

आकड्यानंतर धातूचा प्रश्न येतो. तांब्याच्या जागी अ‍ॅल्युमिनियमची वेटोळी किंवा तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची तार वापरली, तर माल स्वस्त पडतो आणि दिवाणखान्यात अर्धा तास वाजवताना काही कळत नाही. वरातीत चार तास आवाज चढलेला असला, गावातील विजेचा दाब खालीवर होत असला, म्हणजे कळते. येथे दिनमानाचाही एक सापळा आहे. मोठ्या सवलतींचे सेल दसरा-दिवाळीच्या सुमारास लागतात आणि लग्नसराई तुळशीच्या लग्नानंतर सुरू होते. माल परत करण्याची मुदत बहुधा सात किंवा दहा दिवसांची. तेव्हा यंत्रावर पहिला खरा भार पडतो, तोपर्यंत मुदत उलटून गेलेली असते. मग वॉरंटीचा कागद काढावा, तर 'कॉइल जळाल्यास जबाबदारी नाही' असे कलम त्यात अनेकदा सापडते. ज्या भागाला बिघडण्याचा सर्वाधिक संभव, नेमका तोच वगळलेला! ह्यावर उपाय एकच आहे आणि तो थोडा त्रासाचा आहे: माल आला त्याच दिवशी, खोके फोडण्यापासूनचे चित्रण करून, जाणकार साउंडवाल्याकडून पूर्ण भारावर तासभर वाजवून घेणे. त्याला दोनशे रुपये द्यावे लागले तरी द्यावेत.

ह्या सर्व प्रकारामागील अर्थशास्त्र १९७० साली जॉर्ज अकरलॉफ ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञाने जुन्या मोटारींच्या बाजाराचे उदाहरण घेऊन मांडले. पुढे २००१ साली त्याला नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. त्याचे म्हणणे थोडक्यात असे : मालाचा कस विकणाऱ्याला ठाऊक आणि घेणाऱ्याला अज्ञात असला, म्हणजे घेणारा चांगल्या मालालाही मध्यम किंमतच देऊ पाहतो. त्या किमतीत चांगला माल विकणे परवडत नाही, म्हणून तो बाजारातून निघून जातो आणि मागे टाकाऊ तेवढा उरतो. प्रामाणिकपणे '६० वॉट' लिहिणारा कारखानदार '३००० वॉट' लिहिणाऱ्याच्या शेजारी बसला की त्याचे काय होते, हे कोणत्याही संकेतस्थळावर पाहावे. ग्राहकांचे अभिप्राय ही ह्यावरची मात्रा म्हणून सांगितली जाते. पण अभिप्रायही विकत मिळू लागले, आणि भारतीय मानक ब्यूरोला २०२२ साली त्यांच्यासाठी स्वतंत्र मानक काढावे लागले. ते ऐच्छिकच ठेवण्यात आले, ही सरकारच्या प्रकृतीला साजेशी गोष्ट झाली.

लिलावाचा प्रकार ह्याच्याही पुढचा. भारतात 'बाझी' हे संकेतस्थळ २००४ साली अमेरिकेच्या ईबे कंपनीने घेतले. ईबेचा भारतातील कारभार २०१८ साली बंद झाला. लिलावाची वृत्ती मात्र गेली नाही. वस्तूची खरी किंमत कोणालाच नक्की ठाऊक नसते, तेव्हा लिलाव कोण जिंकतो? ज्याचा अंदाज सर्वांत जास्त चुकला तो. तेलक्षेत्रांच्या लिलावांवरून १९७१ साली अमेरिकेतील तीन अभियंत्यांनी हे दाखवून दिले. 'फक्त दोन नग शिल्लक', 'आणखी सात मिनिटे' अशा पाट्या हा त्या लिलावाचाच नवा अवतार आहे. समोर दुसरा बोली लावणारा असतो की नाही, हेही ग्राहकाला दिसत नाही. खोटी घाई निर्माण करण्याच्या अशा क्लृप्त्यांना केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२३ मध्ये अनुचित ठरवले आहे. जुन्या सेटच्या खरेदीत आणखी एक धोका संभवतो. परदेशातून आलेले उत्तम अँप्लिफायर अमेरिकेच्या १२० किंवा जपानच्या १०० व्होल्टचे असले, तर आपल्या २३० व्होल्टवर लावताच जळतात. आणि 'पैसे पाठवतो, हा कोड स्कॅन करून पिन टाका' असे जो म्हणतो, तो सरळसरळ चोर. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही. तसे घडल्यास १९३० ह्या क्रमांकावर त्याच घटकेला कळवावे. तास लोटला की रक्कम दुसरीकडे गेलेली असते.

आता ह्या बाजारात जबाबदार कोण? संकेतस्थळ म्हणते, आम्ही केवळ मध्यस्थ, विक्रेता निराळा. विक्रेता म्हणजे कोठल्या तरी महानगरातील एका गाळ्याचा पत्ता. ऊसतोडीच्या व्यवस्थेशी परिचित असलेल्यांना ही रचना नवी वाटू नये. तेथे कारखाना म्हणतो, कामगार आमचा नव्हे, मुकादमाचा. नफा वर जातो आणि जबाबदारी मधल्यामध्ये विरून जाते.

तथापि कायद्यात आज ह्या रचनेला छेद देणारी काही हत्यारे आहेत आणि ती फुकट मिळालेली नाहीत. पुण्यात १९७४ साली बिंदुमाधव जोशी ह्यांनी सुरू केलेली ग्राहक पंचायत, त्यापाठोपाठ १९७५ ची मुंबई ग्राहक पंचायत, अशा चळवळींनी मशागत केली, तेव्हा १९८६ चा ग्राहक संरक्षण कायदा आला. त्याच्या जागी २०१९ चा कायदा २०२० साली अमलात आला. ह्या नव्या कायद्याने केलेला सर्वांत मोलाचा बदल असा की, ग्राहक जेथे राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. विक्रेता दिल्लीचा असो की सुरतेचा, त्याला बीडच्या जिल्हा ग्राहक आयोगापुढे यावे लागेल. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार घरबसल्या इंटरनेटवरून दाखल करता येते. मुदत दोन वर्षांची. २०२० च्या ई-व्यापार नियमांनुसार संकेतस्थळाने विक्रेत्याचे नाव व पत्ता दाखवला पाहिजे, तक्रारीची पोच अठ्ठेचाळीस तासांत दिली पाहिजे आणि महिनाभरात निवारण केले पाहिजे. दोष तपासणीवाचून ठरत नसेल, तर आयोग माल प्रयोगशाळेकडे पाठवू शकतो. २४ वॉटचे ३००० वॉट तेथे टिकणार नाहीत. हे सर्व तीन ते पाच महिन्यांत व्हावे असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखा पडत राहतात, हे लपवण्यात अर्थ नाही.

एका ठिकाणी मात्र आपला साउंडवाला तरुण हटकून अडवला जातो. समोरचा वकील म्हणतो, ह्याने माल धंद्यासाठी घेतला, तेव्हा हा ग्राहकच नव्हे. कायद्यात व्यापारी हेतूचा अपवाद आहे हे खरे. पण केवळ स्वयंरोजगाराने उपजीविका करण्यासाठी घेतलेली वस्तू त्यातून वगळलेली आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या खटल्यात ह्याचा खुलासा करताना स्वतःच्या टंकलेखन यंत्रावर काम करणाऱ्याचे आणि स्वतःची टॅक्सी चालवणाऱ्याचे उदाहरण दिले, आणि एक-दोन मदतनीस घेतल्याने माणूस ग्राहक राहत नाही असे नव्हे, असेही सांगितले. त्या खटल्यातील अर्जदार स्वतः हरला, कारण त्याचे यंत्र मोठ्या उत्पादनासाठी होते. हरलेल्या खटल्यातून गरिबाच्या उपयोगाचे तत्त्व निघावे, असे कधी कधी घडते.

म्हणून तालुक्याच्या कार्यालयात अशी तक्रार घेऊन कोणी आला, तर त्याला 'पाहून घ्यायचे नाही का' असे विचारण्याआधी कार्यकर्त्याने त्याचे बिल, जाहिरातीचे छायाचित्र, खोके फोडतानाचे चित्रण आणि यंत्रामागच्या पट्टीचा आकडा एकत्र करावा. मंडळाची खरेदी असेल, तर बिल कोणाच्या नावाचे आहे ते पाहावे. नोंदणी नसलेल्या समूहालाही तक्रार करता येते. आणि तरुणाची असेल, तर तक्रारीच्या पहिल्याच परिच्छेदात स्पष्ट लिहावे की हा सेट तो स्वतः चालवतो, त्यावरच त्याचे पोट आहे, आणि घेताना दिलेले पैसे आईबापांनी कारखान्यावर जाऊन फेडले आहेत.