आम्ही नववीत आलेले

(बॅच मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली, पण विषय दिला नाही. मग म्हटलं, आपल्या बॅचमधल्या एका छोट्या गटाच्या वतीनं बोलावं. 2011 साली आपण नववीत गेलो तेव्हा तुम्ही या शाळेत तीन वर्षांचे जुने होतात आणि आम्ही काही जण पहिल्यांदाच पेटी घेऊन फाटकातून आत येत होतो. तुम्ही आम्हाला ‘लॅटरल’ म्हणायचात. पहिले आठ दिवस मला ती शिवीच वाटायची. मग कार्यालयात एका कागदावर तोच शब्द छापलेला पाहिला आणि जीव भांड्यात पडला.

नवोदयची सहावीची परीक्षा आयुष्यात एकदाच देता येते, पाचवीत असताना. ती ज्यांची हुकली, ते आम्ही. कुणी नापास झालेलं, कुणाच्या गावात फॉर्मच पोचलेला नाही. माझं सांगायचं तर पाचवीच्या वर्षी मी माय आणि अण्णांबरोबर सांगलीकडं एका कारखान्यावर, कोपीत होते. नवोदय नावाची शाळा आपल्याच बीड जिल्ह्यात आहे, हे आमच्या घरात कुणाला माहीत नव्हतं.

नववीच्या प्रवेशासाठी वेगळ्या जागा नसतात. सहावीत जास्तीत जास्त 80 मुलं घेतात. त्यातली काही तीन वर्षांत निघून जातात. कुणाला घरची आठवण सोसत नाही, कुणी आजारी पडतं, कुणाच्या वडिलांची बदली होते. जेवढे पलंग रिकामे, तेवढेच आम्ही. म्हणजे आमच्यातला प्रत्येक जण दुसऱ्या कुणाच्या तरी पलंगावर झोपला आहे. मला मिळालेल्या कपाटाच्या दाराला आतून एका मुलीनं कर्कटकानं आपलं नाव कोरून ठेवलं होतं. चार वर्षं मी रोज सकाळी ते वाचलं. ती कोण, कुठं गेली, हे तुमच्यातल्या कुणाला ठाऊक असेल तर चहाच्या वेळी मला नक्की सांगा.

आता या दोन परीक्षांतला फरक पाहा. हे मी आज शिक्षिका म्हणून सांगते आहे, कारण मी पहिली ते आठवीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवते आणि दोन्हींचे फॉर्म माझ्याच हातून जातात. सहावीच्या प्रवेशपरीक्षेत 80 प्रश्न असतात. त्यातले 40 बुद्धिमत्तेचे, म्हणजे आकृत्या ओळखा, वेगळी चित्रं शोधा, असे. बाकी निम्मे अंकगणित आणि भाषेचे. दहा वर्षांच्या मुलाची चुणूक त्यात दिसते. नववीच्या परीक्षेत तसं नाही. आजच्या घडीला 100 गुणांपैकी गणिताला 35, विज्ञानाला 35, इंग्रजीला 15 आणि हिंदीला 15. इथं चुणूक चालत नाही, आठ वर्षांत वर्गात काय शिकवलं गेलं ते लागतं. ज्या गावात सहावी-सातवीला विज्ञानाचा शिक्षकच मिळाला नाही, तिथलं हुशार पोर या परीक्षेत 35 गुणांनी मागं राहूनच पेपर उघडतं.

मला आमच्या गावचे गणिताचे सर मिळाले. त्यांनी वर्गातल्या तिघांचे फॉर्म स्वतः भरले. अट अशी की आठवी याच जिल्ह्यातल्या मान्यताप्राप्त शाळेत शिकत असलं पाहिजे. ऊसतोडीच्या घरात ही अट फार मोठी असते. दसरा-दिवाळीला मुकादमाची गाडी आली की घरंच्या घरं गाव सोडतात आणि पोरांची शाळा तिथंच थांबते. आठवीच्या वर्षी मी आज्जीजवळ मागं राहिले, म्हणून माझं नाव हजेरीपटावर राहिलं. परीक्षा फेब्रुवारीत, म्हणजे ऐन गाळप हंगामात. आईबाप कारखान्यावर आणि परीक्षेचं केंद्र तालुक्याला. सरांनी आम्हा तिघांना एस.टी.नं नेलं, पेपर सुटेपर्यंत बाहेर थांबले आणि येताना भेळ खाऊ घातली.

तिघांत निवड माझी झाली. दुसरी मुलगी गणितात माझ्यापेक्षा पुढं होती. दहावीच्या आधी तिचं लग्न झालं. आमच्याकडं कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. जोडीला उचल मिळते, एकट्याला कोण देणार? पुढच्याच हंगामात ती कोयत्यावर गेली. तिच्यात आणि माझ्यात त्या दिवशी किती गुणांचं अंतर होतं, मला माहीत नाही. दोन-तीन असेल. जागा मोजक्याच होत्या, एवढं मात्र खरं.

म्हणून मला वाटतं, मुलीच्या आयुष्यात नववी हे वर्ष वेगळं असतं. मुलगी लहान असते तेव्हा ती आईच्या मागं कारखान्यावर जाते. चौदाव्या वर्षी घर तिला मागं ठेवायला घाबरतं, बरोबर न्यायलाही घाबरतं, आणि तिसरा रस्ता लग्नाचा दिसतो. नेमक्या त्याच वर्षी तिला वसतिगृहातली एक जागा मिळाली, तर घराला चौथा रस्ता दिसतो. माय मला पुढं म्हणाली, “तू साळंत हायेस म्हनलं की सोयरे गप बसायचे.”

आता इथं आल्यावरचं. तुम्हाला आठवत असेल, इथं आठवीपर्यंत मराठीतून शिकवतात. नववीपासून गणित-विज्ञान इंग्रजीत आणि सामाजिक शास्त्रं हिंदीत. तुम्ही तीन वर्षं त्या बदलाची तयारी केली होती. आम्ही थेट बदलाच्या दिवशीच आलो. मला जडत्व माहीत होतं, इनर्शिया नव्हतं. बहुपदी सोडवता यायची, पण पॉलिनॉमियल म्हटलं की आजारपणाचं नाव वाटायचं. निलगिरी सदनात माझ्या शेजारच्या पलंगावर जी होती, आणि आज तिसऱ्या रांगेत बसून हसते आहे, तिनं मला एक वही करून दिली. डावीकडं मराठी शब्द, उजवीकडं इंग्रजी. रात्रीच्या अभ्यासाच्या तासाला रोज दहा शब्द. ती वही अजून माझ्याकडं आहे.

आणखी एक गंमत. त्याच वर्षी आपल्या वर्गातली साधारण 30 टक्के मुलं मायग्रेशनवर हिंदी मुलखातल्या नवोदयला गेली आणि तिकडची इकडं आली. तुमचे जिवलग गेले म्हणून तुम्ही रडत होतात. आमचं मात्र भागलं, कारण वर्गात आमच्यापेक्षा नवखी माणसं आली. त्यांना मेसमधली भाकरी तोडता येईना, आम्हाला हिंदीत इतिहास लिहिता येईना. मी त्यांना ‘ळ’ म्हणायला शिकवलं, त्यांनी मला ‘स्वतंत्रता संग्राम के कारण’ लिहायला शिकवलं. तो सौदा कोणत्याही शिकवणीपेक्षा बरा होता.

हिंदीच्या मॅडमनी पहिल्या चाचणीत माझ्या पेपरवर गुण लिहिले नाहीत. फक्त चुका दुरुस्त करून दिला आणि म्हणाल्या, “पुढच्या वेळी गुण लिहीन.” मॅडम, त्या एका वाक्यावर मी सहा महिने काढले.

हे सगळं गोड आठवतं, पण नववीत येण्याची एक किंमत असते, आणि ती नेहमी आपण एकटे देत नाही. दहा वर्षांचं मूल घरचे पाठवतात. चौदा वर्षांचं मूल स्वतः जातं. आपण काय सोडून चाललो आहोत हे त्याला कळत असतं. आज्जीला दिसत नव्हतं, धाकटा भाऊ नऊ वर्षांचा होता, आणि हंगामात चूल मी सांभाळायची. मी इथं आले आणि त्या वर्षी भावाला माय-अण्णांबरोबर कारखान्यावर जावं लागलं. एक वर्ष त्याची शाळा बुडाली. पुढच्या वर्षी गावात हंगामी वसतिगृह सुरू झालं आणि तो परत वर्गात बसला. आज तो वाळूजला फिटर आहे. मला चिडवतो, “ताई, तू नवोदयला गेलीस म्हणून मला भाकरी येते.” मीही हसते. पण माझ्या जागेचा एक हप्ता त्यानं भरला आहे, हे मी विसरत नाही.

आज पालक माझ्याकडं येतात आणि विचारतात, “मॅडम, आता आठवीत पाठवायचं का? उशीर नाही ना झाला?” मी त्यांना आधी मुलाशी बोलायला सांगते. आईबाप समोर नसताना त्याला विचारा, तुला जायचंय का? हो म्हणालं तर सातवीपासून हिंदी मोठ्यानं वाचायला लावा आणि विज्ञानाचे इंग्रजी शब्द लिहून काढायला लावा. पैशाची भीती घालू नका. राहणं, जेवण, पुस्तकं, गणवेश मोफत आहेत. नववीपासून महिन्याला 600 रुपये विकास निधी असतो, पण मुलींना, अनुसूचित जाती-जमातींना आणि दारिद्र्यरेषेखालच्या घरांना तोही माफ आहे.

आणि निवड झाली नाही तर दार कायमचं बंद झालं असं समजू नका. दहावीनंतर बरीच मुलं लातूरला, पुण्याला क्लासला जातात, तेव्हा अकरावीतही जागा रिकाम्या होतात. त्यासाठीही परीक्षा आहे, पाच विषय, प्रत्येकी 20 गुण. 1961 साली सुरू झालेल्या साताऱ्याच्या सैनिक शाळेत नववीला प्रवेश होतो. दहावीनंतर एन.डी.ए.ची तयारी करायची तर मुलांसाठी छत्रपती संभाजीनगरला आणि मुलींसाठी नाशिकला सैनिकी सेवा पूर्व शिक्षण संस्था आहे. मुळशीच्या युनायटेड वर्ल्ड कॉलेजमध्ये अकरावी-बारावीसाठी निवड होते आणि तिथं शिष्यवृत्तीही मिळते. ही नावं आपल्या गावांत पोचत नाहीत, म्हणून मी ती माझ्या वर्गाच्या भिंतीवर लिहून ठेवली आहेत.

मघाशी जिच्याबद्दल सांगितलं, ती माझी मैत्रीण आता माझ्या शाळेत पालक म्हणून येते. तिची मुलगी यंदा पाचवीत आहे. नवोदयचा फॉर्म आम्ही दोघींनी मिळून भरला. सही करताना तिनं विचारलं, “हिला नाही लागला नंबर, तर आठवीत परत देता येतंय ना?” मी म्हटलं, “येतंय. तेव्हाही मीच घेऊन जाईन.”

मित्रांनो, आपल्यात आज डॉक्टर आहेत, तलाठी आहेत, बँकेत आहेत, शेती करणारे आहेत. मला देणगी नको आहे. मला हिवाळ्यातले चार रविवार हवे आहेत. आपल्या तालुक्यातली एक शाळा घ्या आणि आठवीच्या पोरांना एक विषय शिकवा. हिंदी आणि इंग्रजी मिळून 30 गुण आहेत, आणि ते तुम्हा सगळ्यांना येतं. मी शब्दांच्या त्या वहीच्या प्रती काढून आणल्या आहेत, दाराजवळच्या टेबलावर ठेवल्यात. शेजारी एक रजिस्टर आहे. नाव, तालुका आणि कोणता विषय शिकवाल, एवढं लिहा. परीक्षा फेब्रुवारीत आहे, म्हणून चहाच्या आधी लिहा.