पेला गळत नव्हता, सर!

(स्नेहमेळाव्यात व्यक्त केलेले मनोगत)



संयोजकांनी पाच मिनिटं दिली आहेत आणि 'अमेरिकेतले अनुभव सांग' असं बजावलं आहे. मी एकच अनुभव सांगणार आहे, आणि तो आहे ओल येण्याचा. हसू नका! आपण कोकणातली माणसं. ओल म्हणजे काय, हे आपल्याला कोणी शिकवायला नको, असं मलाही वाटत होतं. त्याच घमेंडीत मी फसलो.

आधी नववीच्या वर्गात जाऊ या. सरांनी मासळीबाजारातून बर्फाचा तुकडा आणला होता. पितळी पेल्यात पाणी घालून त्यात तो टाकला. थोड्या वेळाने पेल्याच्या बाहेरून थेंब ओघळू लागले. सरांनी विचारलं, "हे पाणी आलं कुठून?" मी हात वर करून ठणकावून सांगितलं, "सर, पेला गळतोय!" वर्ग किती हसला होता, ते तुमच्यापैकी काहींना अजून आठवत असेल.

निवृत्तीनंतर आम्ही दोघं मुलीकडे ओरेगनला गेलो आणि हौसेने एक जुनी मोटारहोम घेतली. मोटारहोम म्हणजे चाकांवरचं घर. सहा मीटर लांबी, त्यातच पलंग, ओटा आणि न्हाणी. पहिल्याच हिवाळ्यात न्यूपोर्टजवळ समुद्रकाठी मुक्काम टाकला. बाहेर पाच-सहा अंश तापमान आणि रोज पाऊस. आठवडाभरात खिडक्यांच्या काचांवरून आतल्या बाजूने पाणी ओघळू लागलं. कपाटातल्या चपलांवर बुरशी आली.

मी निदान केलं, छप्पर गळतंय! शिडी लावून वर चढलो, दिसेल ती फट सिलंटने बुजवली. छतावरची हवेची झडप बंद केली, खिडक्या गच्च लावल्या. आपल्याकडे आषाढात करतो तसंच. ऊब राहावी म्हणून धुराडं नसलेला एक छोटा गॅस हीटर आणला. पाणी कमी व्हायच्या ऐवजी वाढलं. सौ.ला खोकला सुरू झाला. मी रोज काढा करून देत होतो, तोही आतच उकळून! मग तिला रात्री धाप लागू लागली.

एके सकाळी तिने गादी उचलली. खालची फळी ओलीचिंब, आणि गादीच्या पाठीवर काळे ठिपके. "महिनाभर यावर झोपतोय आपण," एवढंच ती म्हणाली. त्या क्षणी मला सरांचा पेला आठवला. पासष्टी ओलांडल्यावर मी पुन्हा तेच चुकीचं उत्तर दिलं होतं.

पाणी आमचंच होतं. दोन माणसं रात्रभर झोपली की श्वासातून आणि त्वचेतून अर्धा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. आमच्या गाडीत हवा फार तर वीस घनमीटर. वीस अंशांना इतकी हवा जास्तीत जास्त साडेतीनशे ग्रॅम वाफ धरू शकते. उरलेली वाफ काचेवर, पत्र्यावर आणि गादीखालच्या गार फळीवर जमणारच. त्यात कुकरच्या शिट्ट्या, आंघोळ, वाळत घातलेले कपडे. आणि तो हीटर! एक किलो प्रोपेन जळला की सुमारे १.६ किलो पाणी तयार होतं. धुराडं नसल्यामुळे ते सगळं आतच. बंद गाडीत कार्बन मोनॉक्साइडचा जीवघेणा धोका होता, तो वेगळाच.

खरी गंमत पुढे आहे. आपल्या जुलैत खिडकी उघडली तर ओल आत येते, कारण बाहेरची हवा उबदार आणि वाफेने भरलेली असते. तिथे उलटं. पाच अंशांची हवा पावसात अगदी ओलीगच्च असली तरी तिच्यात घनमीटरमागे सातच ग्रॅम वाफ मावते. तीच हवा आत येऊन वीस अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता चाळीस टक्क्यांवर येते. म्हणजे पाऊस पडत असतानाही खिडकी किलकिली केली की घर कोरडं होतं! माझं कोकणातलं शहाणपण खोटं नव्हतं, ते चुकीच्या गावी वापरलं होतं.

मग आम्ही गॅस हीटर काढून टाकला. गाडीची मूळची भट्टी दुरुस्त करून घेतली. तिचा धूर आणि वाफ थेट बाहेर जाते. एक खिडकी बोटभर उघडी आणि छतावरचा पंखा मंद चालू, हा नियम झाला. स्वयंपाक झाकण ठेवून, तेव्हा पंखा जोरात. गादी नवी घेतली आणि तिच्याखाली लाकडी पट्ट्यांची जाळी बसवली, म्हणजे खालून हवा खेळते. सकाळी उठल्यावर काचा पुसायच्या आणि फडका बाहेर पिळायचा. भिंतीवर एक आर्द्रतामापक टांगला. काटा पन्नासच्या वर गेला की आमच्यात वाद, कुकर कोणी लावला!

सौ.ची धाप महिन्याभरात थांबली. आज ती समोरच बसली आहे, तिला विचारा. पण तो महिना मी विसरत नाही. घरात काही बिघडलं की आपण आधी छपराकडे बघतो. स्वतःकडे बघायला उशीर होतो.

सर, तुम्ही त्या दिवशी मला रागावला नव्हता. "पेला पुसून ठेव, आणि पुन्हा बघ," इतकंच म्हणाला होता. पुन्हा बघायला मला पन्नास वर्षं लागली. पेला गळत नव्हता, सर.

येत्या डिसेंबरात आम्ही पुन्हा निघतोय. गाडीत आणखी दोघांची सोय होते. जरूर या, फक्त खिडकी दोन बोटं उघडावी लागेल.